ऐन पावसात जर्मनीला गोधडी पाठवायची आहे: ओल, पॅकिंग, कस्टम

पागोळी

नमस्कार मंडळी,

आम्ही देवरुखचे. तरणा पाऊस (पुनर्वसू नक्षत्राचा) जोरात आहे, म्हातारा (पुष्याचा) लागायच्या बेतात आहे आणि ऊन असं पडलेलंच नाही. पडवीतल्या दोरीवर सकाळी घातलेले कपडे संध्याकाळी काढते तर तसेच गार. मिठाच्या बरणीला पाणी सुटलंय, भिंतीला टेकलेल्या कपाटाला मागून पांढरी बुरशी धरलीय. कोकणातल्या माणसांना हे नव्याने सांगायला नको.

माझी लेक जर्मनीत लाइपझिगला असते. सप्टेंबरअखेरची तारीख दिली आहे, पहिलंच बाळंतपण. मला जाता येणार नाही. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही आणि मलाही त्यांना सोडून जाववणार नाही. विहीणबाई जाणार आहेत, पण त्या ऑक्टोबरात. म्हणून बाळाचं सामान टपालाने आधी पोचवायचं ठरवलं आहे.

सामान असं: एक गोधडी, दोन दुपटी, एक कुंची, चार झबली. शिवाय मेतकूट, सुंठीची पूड, खारीक-खोबरं, डिंक, अळीव, बाळंतशेपा, घरच्या तुपातले डिंकाचे लाडू, तुपाची एक छोटी बरणी, आणि बाळघुटीचं सामान. वर एक पत्र. पत्र मोठं आहे, कारण फोनवर सगळं बोलून होत नाही.

गोधडीबद्दल थोडं सांगते. आत माझ्या आईची सुती नऊवारी आहे, वरून सासूबाईंचं लुगडं. दोन्ही इतकी मऊ झालेली की गालाला लावून बघावीत. शिवून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, मलाही एक कोपरा दे. उशीला टेकून बसवलं, सुईत दोरा ओवून दिला. त्यांनी एका कोपऱ्यात धावदोरा घातला. हात थरथरतो, त्यामुळे टाके कुठे लांब कुठे आखूड, एक तर थेट काठावरून गेलाय. मी त्याला हात लावलेला नाही. तो कोपरा तसाच्या तसा जायला हवा.

आणि भीती नेमकी हीच आहे की गोधडी पोचेल तेव्हा कुबट वास मारत असेल किंवा काळे ठिपके पडलेले असतील. गेल्या पावसाळ्यात एका खाजगी कुरियरच्या एजंटाकडे पार्सल दिलं होतं. त्याच्याकडे ते उघड्या ओट्यावर राहिलं. खोकं खालून भिजून फाटलं, पापडांचा लगदा झाला आणि आठवड्याने सगळं घरी परत. पापडांचं काही नाही, पुन्हा लाटता येतात. गोधडी पुन्हा होणार नाही.

तर विचारायचं ते असं. ऊन नसताना गोधडी पूर्ण वाळली हे कसं ओळखायचं? प्लास्टिकमध्ये बांधायची की नाही? पोस्टाने पाठवू की कुरियरने? यातलं काय जर्मनीत जाऊ देत नाहीत? आणि पार्सल कापडात शिवायचं का? आमच्याकडे पूर्वी मांजरपाटात शिवून वर लाखेची मोहर करत असत.

ज्यांनी स्वतः पाठवलंय किंवा तिकडे घेतलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

रानवारा

ताई, पाहुण्याबरोबर नाही का पाठवता येणार? ऑगस्टमध्ये विद्यार्थी भरपूर जातात तिकडे. नाहीतर सरळ मोठं नाव असलेलं कुरियर घ्या, आठवड्यात पोचतं.

---

पागोळी

रानवारा, ओळखीचं कुणी जाणारं नाही आणि अनोळखी मुलाच्या बॅगेत खाण्याच्या पुड्या द्यायला मन धजत नाही. विमानतळावर त्याला अडवलं तर? कुरियरचा दर विचारला. गोधडीचं वजन फार नाही, पण त्यांनी खोक्याची लांबी-रुंदी विचारून भलताच आकडा सांगितला.

---

टपालकाका

ताई, मी पोस्टातून निवृत्त झालो. बरीच वर्षं काउंटरला होतो, त्यातली काही कोकणातच. त्यामुळे पावसातलं पार्सल म्हणजे काय ते हाताला माहीत आहे.

आधी कुरियरचा आकडा. ते लोक आकारमानाचं वजन धरतात. सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं घेतलंत तर काट्यावर तीन किलो भरलं तरी बिल सहा किलोचं. गोधडीसारख्या फुगीर सामानाला हे महागात जातं. पोस्टात चौकशी करा, फरक कळेल.

पोस्टात तुमच्या कामाचे दोन मार्ग. एक परदेशी स्पीड पोस्ट, ज्याला ईएमएस म्हणतात, आणि दुसरा एअर पार्सल. पहिला लवकर जातो, दुसरा स्वस्त पडतो. तुमच्या हातात ऑगस्ट अख्खा आहे, पण गोधडी आहे म्हणून मी स्पीड पोस्टच सांगेन. वाटेत जितके दिवस कमी, तितकी ओल कमी. पावती मिळेल तिच्यावर तेरा अक्षरांचा नंबर असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन. स्पीड पोस्टचा ई ने सुरू होतो, पार्सलचा सी ने. हा नंबर जगभर तोच राहतो. लेकीला पाठवून ठेवा, तिला जर्मन टपालाच्या संकेतस्थळावरही तोच चालेल.

छोट्या पोस्टात देण्यापेक्षा रत्नागिरीच्या किंवा चिपळूणच्या मोठ्या पोस्टात द्या. तिथे परदेशी टपालाची सवय असते, फॉर्मची अडचण येत नाही. सकाळी द्या. दुपारची टपालगाडी निघायच्या आत दिलं तर रात्रभर एका जागी पडून राहत नाही. आणि मुसळधार असेल, घाट बंद असेल, तर त्या दिवशी देऊच नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा काय झालं ते तुम्ही जवळून बघितलं असेल. गाडी अडकली की पार्सल अडकतं, आणि अडकलेलं पार्सल ओल पितं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कस्टमचा फॉर्म. नाव सी-एन २३. लोक इथेच घाई करतात. नुसतं 'कपडे आणि खाऊ' असं लिहू नका. प्रत्येक वस्तू वेगळी लिहा, इंग्रजीत: हाताने शिवलेली सुती बाळाची गोधडी, वापरलेल्या कापडाची, नग १, वजन इतकं, किंमत इतकी. झबली, नग ४. खारीक पूड, इतके ग्रॅम. 'भेट' या चौकोनात खूण करा. किंमत शून्य टाकू नका, शून्य किमतीची वस्तू कस्टमला पटत नाही. तुमच्या मनातली किंमत लिहायची नाही, बाजारात अशी गोधडी जितक्याला मिळेल तितकी लिहायची. ही माहिती आता काउंटरवर संगणकात भरतात आणि पार्सल पोचायच्या आधी ती तिकडे पोचते. कागदावर एक आणि खोक्यात दुसरं निघालं की पार्सल बाजूला काढलं जातं.

त्याच फॉर्मवर एक ओळ असते, पत्ता लागला नाही तर काय करायचं: परत पाठवा की सोडून द्या. 'परत पाठवा' वर खूण करा. परतीचा खर्च तुमच्याकडे मागतील, पण गोधडी घरी येईल. ती खूण न केल्यामुळे हरवलेल्या वस्तूंची हळहळ मी काउंटरवर खूप ऐकली आहे, म्हणून आग्रहाने सांगतो.

खोकं बंद करून आणू नका. आतलं सामान दाखवावं लागतं. चिकटपट्टी, कात्री, सुई-दोरा बरोबर ठेवा, आणि ओळखपत्राची झेरॉक्स.

मांजरपाटात शिवणं आता सक्तीचं नाही, पण मला स्वतःला ते आवडतं. खोक्याचा कोपरा फुटला तरी कापड सामान धरून ठेवतं. फक्त पावसाळ्यात कापड पाणी शोषतं आणि आतल्या पुठ्ठ्याला देतं. म्हणून आधी खोकं, त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने पक्का, आणि हौस असेल तर सर्वात वर कापड. लाख नको. दमट दिवसात ती धड बसत नाही आणि यंत्राच्या पट्ट्यावर गळून पडते.

पत्ता दोनदा. एक वर, न पुसणाऱ्या मार्करने, आणि त्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी. दुसरा खोक्याच्या आत, सामानाच्या वर, साध्या कागदावर. वरचा पुसला गेला किंवा फाटला तर तिकडचे लोक खोकं उघडून आत बघतात.

---

नेकारकाठ

काकांनी पाठवण्याची बाजू मस्त सांगितली. मी घेणाऱ्यांची बाजू सांगते. स्टुटगार्टला राहते, आईकडून आणि सासरहून दोन्हीकडून पार्सलं येतात.

पागोळीताई, तुमच्या यादीतून तूप काढा. तुपाची बरणी तर नाहीच, आणि लाडूही माझं ऐकाल तर नकोत. युरोपीय संघाबाहेरून खाजगी टपालाने दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप हा दुधाचाच पदार्थ. लाडू मिठाईत धरले जातील की दुधाच्या पदार्थात, हे त्या टेबलावरचा माणूस ठरवणार, आणि त्या एका डब्यापायी अख्खं पार्सल थांबेल. गोधडीबरोबर कशाला ठेवायचे?

त्यापेक्षा लाडूंचं कोरडं सामान पाठवा. खारीक पूड, भाजलेलं सुकं खोबरं, डिंक, सुंठ, जायफळ. तूप तुमची लेक तिथे कढवेल. इथलं बिनमिठाचं लोणी उत्तम असतं, अडीचशे ग्रॅमची वडी मिळते, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत रवाळ तूप होतं. मी माझ्या वेळी तसंच केलं होतं. व्हिडिओवर समोर आई बसली होती आणि डिंक कधी काढायचा ते ओरडून सांगत होती.

अळीव कच्चे नकोत. सबंध बी दिसलं की पेरणीचं बी समजण्याची शक्यता असते आणि त्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र मागतात. भाजून भरड करून पाठवा, म्हणजे ते खाण्याचं आहे हे उघड दिसतं. बाळंतशेपाही भाजून. ओला कढीपत्ता, कडुनिंबाचा पाला, ताजी फळं असलं काहीही नको.

बाळघुटी तर अजिबात नको. इथे खाजगी माणसाला युरोपबाहेरून टपालाने औषधं मागवता येत नाहीत आणि घुटीच्या मुळ्या-काड्या कस्टमवाल्याला औषधच वाटणार. शिवाय इथली सुईण घरी येते बाळंतपणानंतर, तिला न विचारता तुमची लेक बाळाला काही देणारही नाही. मनाला लावून घेऊ नका ताई.

पैशाचं: एका खाजगी माणसाने दुसऱ्या खाजगी माणसाला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत असेल तर कर लागत नाही. त्यावर गेली की लागतो. तुमचं सामान वर जात असेल तर दोन पार्सलं करा, कपड्यांचं वेगळं आणि खाण्याचं वेगळं, आणि ती एकाच दिवशी देऊ नका. तसंही वेगळी केलेली बरी, खाऊचं अडकलं तरी गोधडी पोचेल. मेतकुटाचा वास लागायचीही भीती नाही.

आता एक गोष्ट जी भारतातून पाठवणाऱ्या कुणालाच सुचत नाही. इथे फ्लॅटला नंबर नसतात. इमारतीचा नंबर असतो, आणि आत घंटीवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं. पोस्टमन आडनाव वाचून टपाल टाकतो. त्यामुळे 'दुसरा मजला, फ्लॅट ४' लिहून उपयोग शून्य. लेकीला विचारा, घंटीवर नेमकं काय लिहिलंय. नुसतं जावयांचं आडनाव असेल आणि तुम्ही माहेरचं आडनाव लिहिलंत तर 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' असा शिक्का बसून परत. माझ्या एका मैत्रिणीच्या राख्या अशाच परत गेल्या.

पिन कोड पाच आकडी, शहराच्या आधी लिहायचा. लाइपझिगचा ०४ ने सुरू होतो. ते सुरुवातीचं शून्य गाळू नका.

लेकीचा मोबाइल नंबर आणि ईमेल फॉर्मवर द्या. कस्टमला काही विचारायचं असलं तर तिला चिठ्ठी येते आणि मुदतीत कस्टमच्या कचेरीत जाऊन सोडवावं लागतं. नवव्या महिन्यात तिला ती पायपीट नको, म्हणूनही लवकर पाठवा.

---

पागोळी

नेकारकाठ, काय सांगू, किती उपयोगाचं लिहिलंस. लेकीला लगेच विचारलं. घंटीवर खरंच फक्त जावयांचं आडनाव आहे! आणि ती अजून आमचंच आडनाव लावते. आता दोन्ही लिहीन, आधी तिचं नाव आणि खाली 'द्वारा' करून जावयांचं.

तूप वगळायला जीव जड झाला. गोठ्यातल्या गायीचं आहे. पण तू म्हणतेस ते पटलं, गोधडी अडकायला नको. बाळघुटीचंही पटलं. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, मी कालपासून हेच कसं सांगू याचा विचार करत होते.

आता वाळवण्याचं कुणी सांगेल का? चुलीवरच्या माळ्यावर ठेवली तर धुराचा वास लागतो. पंख्याखाली दोन दिवस पसरली, हाताला कोरडी लागते. पण पंख्याची हवाही ओलीच.

---

धोटा

इचलकरंजीकर. घरात तीन पिढ्या माग आहेत, माझं शिक्षणही कापडाचंच. म्हणून या प्रश्नाला हात घालतो.

ताई, 'हाताला कोरडी लागते' यावर विसंबू नका. सुती कापड हवेतला ओलावा आत घेऊन बसतं आणि तो हाताला कळत नाही. व्यापारात कापसाचा प्रमाणित ओलावा ८.५ टक्के धरतात. ऐन पावसात, हवेत नव्वद टक्के आर्द्रता असताना, हाच आकडा चौदा-पंधरावर जातो. म्हणजे किलोभर गोधडीत नेहमीपेक्षा पन्नास-साठ ग्रॅम पाणी जास्त, आणि तरी ती कोरडीच लागते. हे पाणी आत ठेवून तुम्ही प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलीत की ते बाहेर जायला वाट नाही. पुढे विमानाच्या पोटात गारठा लागला की तेच पाणी पिशवीच्या आतून दव धरल्यासारखं जमतं. काळे ठिपके पडतात ते त्याच्यामुळे. लोक पावसाला दोष देतात, पण निम्म्या वेळा ओल बाहेरून येतच नाही, आपणच ती आत बांधून पाठवतो.

यावर उपाय स्वयंपाकघरातला वजनकाटा. ग्रॅम दाखवणारा डिजिटल हवा. गोधडी घडी करून तोला, आकडा लिहून ठेवा. मग वाळवा, पुन्हा तोला. वजन उतरत जाईल. जेव्हा दोनदा तोलूनही आकडा हलत नाही तेव्हा ती वाळली. यापेक्षा खात्रीची खूण घरात मिळणार नाही.

वाळवायचं असं. इस्त्री सुतीवर, पाणी न मारता, वाफेचं बटण बंद. आधी एक बाजू, मग दुसरी, हळूहळू, प्रत्येक ठिकाणी इस्त्री जरा टेकवून. गोधडीला थर असतात, वरचा थर तापला म्हणजे मधला तापला असं नाही. आधी इस्त्री केल्यावर लगेच घडी घालू नका, खुर्चीच्या पाठीवर पाच मिनिटं टाका म्हणजे आतली वाफ निघते. मग पुन्हा. जुन्या लुगड्याला जरीचा काठ असेल तर त्यावर पातळ सुती रुमाल ठेवून इस्त्री करा.

नंतर लाकडी कपाटाचा एक खण रिकामा करा, त्यात साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा, गोधडी त्यापासून हातभर लांब टांगा, दार किंचित उघडं ठेवा. एलईडी नको, त्याला ऊब नसते. आणि बल्ब चालू असताना घराबाहेर जाऊ नका.

शेवटचं तोलून झालं की कोमट असतानाच पिशवीत. गार व्हायला बाहेर ठेवलीत तर तासाभरात हवेतलं पाणी परत पिऊन बसेल. पिशवीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण कापडाला थेट लागू देऊ नका, बाळाची वस्तू आहे. एका सुती रुमालात गुंडाळून कडेला ठेवा. निळे मणी असलेलं जेल घेऊ नका, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो. पांढरं किंवा नारिंगी घ्या.

आणि डांबराच्या गोळ्या कृपया नकोत. आपल्याकडे कपड्यांत टाकायची सवय आहे, पण नॅप्थलीनचा वास तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतो. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. वास कितीही उडाला असं वाटलं तरी नको.

---

खाडीकाठ

धोटा यांच्या वजनकाट्याला +१. मी मालवणची, आम्ही आमसुलं पाठवतो ती पण अशीच तोलून. एक भर घालते: डिंकसुद्धा ओल पितो. ओला डिंक तुपात फुलत नाही, आत कडक राहतो आणि दाताखाली येतो. कढईत मंद आचेवर नुसता गरम करून, गार झाल्यावर लगेच काचेच्या नको पण जाड प्लास्टिकच्या फिरकीच्या डब्यात भरा. पुड्या कागदाच्या नकोत.

धाग्यात घुसून एक विचारू का? भावाला इंग्लंडला राखी पाठवायची आहे. साध्या लिफाफ्यात चालेल ना?

---

टपालकाका

खाडीकाठ ताई, नुसतं पत्र असेल तर साधा लिफाफा. राखी ही वस्तू झाली, तिला कोणती सेवा चालते ते आधी काउंटरवर विचारा, आणि तिच्यावर कस्टमची छोटी चिठ्ठी लागते, सी-एन २२. खड्यामोत्यांची जाड राखी लिफाफ्यात यंत्रात अडकते, तेव्हा सपाट रेशमी घ्या आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा. इंग्लंडला करमुक्त भेटीची मर्यादा ३९ पौंड, राखी त्यात सहज बसते.

अमेरिकेला पाठवणारं कुणी वाचत असेल तर आधी पोस्टात विचारून मगच बांधाबांध करा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या कराचे नियम बदलले तेव्हा आपल्या पोस्टाने तिकडची सेवा थांबवली होती, ती १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून तिकडचे नियम वेगळे आहेत, जर्मनीचं ऐकून अमेरिकेला पाठवू नये.

पागोळीताई, तुमच्या पत्राबद्दल राहिलं. शाईचं पेन किंवा जेल पेन नको. ओलसर कागदावर शाई फुटते आणि घडीच्या समोरच्या पानावर उमटते. साधं बॉलपेन घ्या, नाहीतर पेन्सिल. कागद लिहायच्या आधी गादीखाली ठेवा किंवा त्यावरून इस्त्री फिरवा. आणि लिहून झालं की फोनवर फोटो काढून ठेवा सगळ्या पानांचे.

---

पागोळी

सगळ्यांचं वाचून कामाला लागले, म्हणून उशिरा लिहितेय.

वजनकाटा शेजारच्या बेकरीवाल्याकडून आणला. गोधडी भरली ११८० ग्रॅम. धोटा यांनी सांगितलं तशी दोन्ही बाजूंनी इस्त्री केली, खुर्चीवर टाकली, पुन्हा केली. इस्त्री ठेवली की मधल्या थरातून वाफेचा वास यायचा. तो जुन्या लुगड्याचा वास असतो तो, पेटीतला. ११४५ झाली. मग कपाटात बल्ब. वीज मध्ये मध्ये जात होती, तेव्हा दार लावून ठेवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ११०५ ला येऊन थांबली. संध्याकाळी तोलली तरी तेवढीच. पंचाहत्तर ग्रॅम पाणी होतं त्यात, आणि मी ती कोरडी समजत होते!

सासूबाई हे सगळं अंथरुणातून बघत होत्या. त्यांना मजा वाटत होती की गोधडी तोलतात. पिशवीत घालायच्या आधी त्यांच्याकडे नेली. त्यांनी त्यांचा कोपरा चाचपून बघितला आणि म्हणाल्या, टाका सुटला नाही हो, घाल आता.

दोन पार्सलं केली. कपड्यांचं आधी दिलं, रत्नागिरीला जाऊन, स्पीड पोस्टाने. फॉर्मवर झबल्यांचा रंगसुद्धा लिहिला. 'परत पाठवा' वर खूण केली. काउंटरवरच्या बाईंनी आतली पत्त्याची चिठ्ठी बघितली आणि ही कुणी शिकवली असं विचारलं. खाऊचं पार्सल पाऊस जरा उघडला की देईन, डिंक गरम करून डब्यात भरून ठेवलाय.

एक शंका राहिली. नंबर टाकून बघते तर मुंबईतून निघालं, फ्रँकफर्टला पोचलं, आणि त्यानंतर काहीच हलत नाही. कस्टमकडे दिलं एवढंच दिसतंय. लेकीला अजून चिठ्ठी आलेली नाही. काही करायला हवं का?

---

नेकारकाठ

ताई, घाबरू नका. भारतातून येणारं बहुतेक टपाल फ्रँकफर्टलाच उतरतं आणि तिथे रांग असते. चिठ्ठी आलेली नाही ही चांगलीच गोष्ट आहे. काही विचारायचं असतं तर त्यांनी तिला कळवलं असतं. लेकीला एवढंच सांगा की रोज टपालपेटी उघडून बघ, कारण घरी कुणी नसलं तर पोस्टमन शेजाऱ्याकडे देतो किंवा जवळच्या दुकानात ठेवतो आणि पेटीत फक्त एक कार्ड टाकून जातो. ते कार्ड जाहिरातींच्या कागदांत हरवतं. दुकानात पार्सल काही दिवसच ठेवतात, मग परत पाठवतात. दुकानातून घ्यायला जावई गेले तर पासपोर्ट आणि तिची सही असलेलं ते कार्ड बरोबर न्यायला सांगा.

---

टपालकाका

बरोबर. आणि ताई, पावती जपून ठेवा, पिशवीत घालून. बरेच दिवस हललं नाही तर ज्या पोस्टात दिलं तिथेच चौकशीचा अर्ज करता येतो, त्याला मूळ पावती लागते. ओलीने पावतीवरचे आकडे उडतात, तेव्हा आजच तिची झेरॉक्स काढा.

---

पागोळी

काढली काका. आणि लेकीचा आत्ताच मेसेज आला, नंबरापुढे लाइपझिग दिसतंय. उद्या जावई घरूनच काम करणार आहेत.